झोश्काच्या तीन दिवस आधी

मिरकानं कोपरानं दार ढकललं आणि बारा रोपांचा ट्रे पोटाशी धरून ती तिरकी होत ओसरीवर आली. ट्रे बाकावर टेकवताना एक दह्याचा डबा कलंडला. तिनं तो सावरला, सांडलेली माती बोटानं गोळा केली आणि पुन्हा रोपाच्या बुंध्याशी दाबून बसवली.

"किती झाली?" आतून आवाज आला.

"छत्तीस."

"अठ्ठेचाळीस व्हायला हवीत. चार खेपा ऐकल्या मी."

"एक खेप रिकामी होती, आई. चपला घालायला आत गेले होते."

"मग तसं सांगावं माणसानं. पाय गेलेत माझे, कान नाही गेले."

मिरका पुढच्या ट्रेसाठी वळली. अजून दोन ट्रे आणि सुटी चार रोपं राहिली होती, आणि आठ वाजता शाळेत पोचायचं होतं. गावातल्या शाळेत ती आठ ते बारा झाडलोट करी.

घरातल्या एकूण एक खिडकीत टोमॅटोची रोपं होती. मार्चच्या मध्यापासून चौसष्ट रोपं. दह्याचे डबे, कापलेली दुधाची खोकी, कान तुटलेला एक मग, जे मिळेल त्यात लावलेली. खिडक्या उघडायची सोय उरली नव्हती. स्वयंपाकघरात वाफ कोंडून राही, आणि उशीच्या अभ्र्यापासून पावापर्यंत सगळ्याला टोमॅटोच्या पानांचा तो हिरवट, उग्र वास येई. मे लागला की रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावायची. त्यासाठी रोज सकाळी चौसष्ट बाहेर आणि रोज संध्याकाळी चौसष्ट आत. मिरका बावन्न वर्षांची होती आणि या घरात तिचे असे एकोणतीस वसंत गेले होते.

बाहेरची सवय लावायची, पण जमिनीत लावायची नाहीत. बारा मेला पांक्रात्सी, तेराला सेर्वात्सी, चौदाला बोनिफात्सी. या तिघा संतांना इथं गार माळी म्हणतात. वसंत कितीही उबदार असो, हे तिघं जाता जाता बागेत एक चक्कर मारतात आणि दिसेल ते गोठवून जातात. त्यांच्या मागून पंधराला येते झोश्का, म्हणजे संत झोफिया, आणि ती तिघांपेक्षा खाष्ट. ती एकदा गेली की टोमॅटो जमिनीत. त्याआधी हात लावायचा नाही. लिओकादियाच्या नवऱ्यानं लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी आठ तारखेला रोपं लावायचा शहाणपणा केला होता. तो माणूस मातीत जाऊन वीस वर्षं झाली, पण दर मे महिन्यात त्याचा उद्धार होईच.

लिओकादिया ही मिरकाची सासू. म्हणजे कागदोपत्री बघायचं तर आता तीही नव्हे. झेनोन, तिचा मुलगा, नऊ वर्षांपूर्वी मासे कापायच्या कामावर नॉर्वेला गेला. तिसऱ्या वर्षी त्यानं घटस्फोटाचे कागद पाठवले आणि सोबत आईसाठी लोकरीचा मफलर. मिरकाला तेव्हाच निघायचं होतं. पण तेव्हा काकड्यांचं लोणचं घालायचं होतं. मग बटाटे काढायचे होते, मग पिंपात कोबी आंबवायचा होता, मग बर्फ पडला, आणि बर्फ वितळेपर्यंत बिया पेरायची वेळ झाली. अशीच वर्षं गेली. दीड वर्षापूर्वी ऑक्टोबरात म्हातारी तळघराच्या पायऱ्यांवरून पडली, खुबा मोडला, आणि जाण्याचा विषयच मिटला.

सुवाऊकीच्या डॉक्टरनं फोटो उजेडात धरून सांगितलं होतं की हाड छान जुळलंय. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी तीनदा आली. तिन्ही वेळा लिओकादिया अशी काही किंचाळली की चौथ्या वेळी ती आली नाही. तेव्हापासून पलंग आणि पलंगाशेजारची शौचासाठी भोक असलेली खुर्ची, एवढंच तिचं जग. एका जागेवरून दुसरीवर न्यायचं काम मिरकाचं. एक हात मानेखाली, एक कमरेखाली, आणि एक, दोन, तीन. रात्री म्हातारी चमचा पेल्यावर वाजवी. कधी दोनदा, बहुधा तीनदा. मिरका दोन्ही खोल्यांमधलं दार उघडं ठेवून झोपे, आणि आताशा तिला शाळेत कुणी चहा ढवळला तरी दचकायला होई.

मंगळवारी दुपारी फोन वाजला तेव्हा ती लाकडांच्या खोपटामागे जाऊन उभी राहिली.

"मिरका, शुक्रवार दुपार," तेरेसा म्हणाली. तेरेसा तिची शाळेपासूनची मैत्रीण, आउगुस्तूफच्या एका आरोग्यधामात मुदपाकखान्याची प्रमुख. "शुक्रवारी दुपारी बारापर्यंत हो किंवा नाही सांग. सोमवारी हजर व्हायचं. त्यापुढं माझ्यानं स्वयंपाकघरातली जागा धरवणार नाही. आधीच आमचे साहेब रोज विचारतायत."

"रविवारी झोश्का आहे गं. रोपं लावली की..."

"गेल्या वर्षीही रोपंच होती."

"गेल्या वर्षी आई नुकत्या पडल्या होत्या."

"गेल्या वर्षी नुकत्या पडल्या होत्या, या वर्षी पडलेल्या आहेत, पुढच्या वर्षी काय असेल?" तेरेसानं सुस्कारा टाकला. "सेय्नीला नन्सच्या वृद्धाश्रमात पलंग रिकामा आहे असं तूच म्हणाली होतीस ना?"

"आहे. आई म्हणतात, तिथं नेलंस तर दारातच जीव देईन."

"देत नाही कुणी जीव. ऐक, इथं तुला खोली आहे. लहान आहे, पण दाराला कुलूप आहे आणि किल्ली तुझी. पहाटे पाचला पाळी सुरू, दोनला संपली, की त्यानंतर तुला कुणी हाक मारणार नाही. कळतंय का तुला? कुणीही नाही."

मिरकानं लाकडाचं साल नखानं सोलायला सुरुवात केली होती. दोन वाजल्यानंतर कुणी हाक मारणार नाही, हे तिनं मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं. मग ती नुसतंच "बरं" म्हणाली.

ती आत आली तेव्हा लिओकादिया खिडकीकडे तोंड करून बसलेली होती. पलंग मुद्दामच अशा खिडकीशी लावला होता जिथून सगळी बाग दिसे.

"कोण, तेरेसा का?"

"हो."

"जा की मग. मी काय, पडलेय इथं. शेजारचा रोमुआल्द येईल दिवसातून एकदा, पाणी देईल मांजराला देतात तसं."

"आई, मी कुठंही जाते म्हणाले नाही."

"म्हणाली नाहीस, पण फोन खोपटामागं घेतलास. जायला माझी ना नाही. रोपं तेवढी लावून जा, एवढंच म्हणते मी."

"आणि मग आधाराला काठ्या कोण बांधणार? बगलेतले फुटवे कोण काढणार?"

"तेही खरंच," लिओकादिया म्हणाली आणि जरा विचारात पडल्यासारखं केलं. "ऑगस्टपर्यंत तर कुणीतरी हवंच."

मिरकानं पलंगावरची चादर ओढून सरळ केली. इतकी जोरात की म्हातारीचे पाय हलले.

गुरुवारी, म्हणजे पांक्रात्सीच्या दिवशी, शाळेतून येताना तिला कुंपणाशी रोमुआल्द भेटला. हा शेजारी, निवृत्त वनरक्षक, बाजाराच्या दिवशी तिला आपल्या गाडीतून सेय्नीला नेणारा. संतांवर त्याचा विश्वास नव्हता. त्याचा विश्वास मोबाइलमधल्या हवामानावर होता, आणि यावरून त्याचं नि लिओकादियाचं उघड्या खिडकीतून वर्षानुवर्षं भांडण चाले. ऊन मात्र त्या दिवशी जूनसारखं होतं. तो बनियनवर उभा होता.

"आज म्हातारी जिंकली," तो म्हणाला. "आभाळ बघ, एक ढग नाही. वारा पडणार. रात्री उणे चार दाखवतंय. माझ्या काकड्या बाहेर आहेत, आणि प्लास्टिक काल वाऱ्यानं फाडलं. तुझी रोपं संध्याकाळी लवकर आत घे हो."

"उणे चार? नक्की?"

"पहाटे तर उणे पाच दाखवतंय."

मिरका घरात गेलीच नाही. अंगावरचा शाळेचा झगा तसाच ठेवून ती सरळ अवजारांच्या कोपऱ्याकडे गेली, तिथनं खुरपं घेतलं, ओसरीवरचा पहिला ट्रे उचलला आणि वाफ्यात येऊन गुडघे टेकले. वाफा आठवड्यापूर्वीच तयार करून ठेवला होता. माती वरून कोमट लागत होती आणि बोटभर खाली गार. तिनं पहिला खड्डा केला, डबा उलटा करून रोप तळहातावर घेतलं आणि लावून टाकलं. मग दुसरं. हातांना सवय होती, डोक्याची गरज पडत नव्हती.

चौथ्या रोपाला खिडकीची काच वाजू लागली. आधी चमच्यानं, मग मुठीनं.

"मिरका! अगं ए! काय करतेस?"

मिरकानं पाचवं रोप लावलं.

"आज बारा तारीख आहे! पांक्रात्सी आहे आज! ऐकू येतंय का? डोकं फिरलं का तुझं?"

"ठाऊक आहे मला तारीख," मिरका म्हणाली. ती ओरडली नाही, तरी काचेतून ते ऐकू गेलं असावं. कारण काच वाजायची थांबली.

तिला ठाऊक होतं ती काय करत होती. उगाच स्वतःला फसवण्यात अर्थ नव्हता. उद्या सकाळी ही चौसष्टच्या चौसष्ट काळी पडून लोळतील, आणि मग लावायला काही नसेल, बांधायला काही नसेल, ऑगस्टपर्यंत कुणी लागणार नाही. रोपं नाहीत म्हणजे हा उन्हाळाच नाही. निदान एवढा एक खुंटा तरी उपटला जाईल, मग सोमवारचं बघता येईल. तिला लाज वाटत होती. टवटवीत, बोटाएवढ्या जाड देठाची रोपं होती ती, तिनंच वाढवलेली. पण लाजेच्या खाली कुठंतरी बरंही वाटत होतं, आणि ते तिला लाजेपेक्षा जास्त जाणवत होतं. तीन तासांत तिनं सगळी लावली. पाणीसुद्धा घातलं.

संध्याकाळी ती बीटाचं सूप घेऊन आत गेली तेव्हा लिओकादियाचा आवाज बदलला होता.

"मिरका. पोरी. माझ्यावरचा राग आहे ना? मला बोल काय बोलायचं ते. पण त्यांना झाक. गोठ्यात जुन्या बादल्या आहेत, तळघरात बरण्या आहेत, त्या पुष्कळ होतील. अर्ध्या तासाचं काम आहे गं."

"नाही."

"बियाणं माझ्या आईचं आहे. तिनं रुमालात बांधून आणलं होतं. नवीन बी धरायला फळ नाही राहायचं, एकही."

"मी दमलेय, आई," मिरका म्हणाली. "आजच्या दिवसापुरती नाही दमलेय. सगळीच दमलेय."

लिओकादियानं तिच्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "सूप ने परत. नकोय मला," आणि भिंतीकडे तोंड वळवलं.

त्या रात्री चमचा वाजला नाही. मिरकाला जाग आली ती थेट उजाडल्यावर, सहाच्या सुमाराला, आणि पहिल्यांदा तिला कळेचना की काय चुकतंय. मग कळलं की ती सलग आठ तास झोपली होती. तिनं झोपायच्या कपड्यांवरच कोट चढवला आणि ती मागच्या दारानं बाहेर पडली.

गवत पांढरं झालं होतं. कुंपण, बाक, पाण्याचा नळ, सगळ्यावर दव गोठून बसलं होतं, आणि पावलाखाली ते करकर वाजत होतं. कुंपणापलीकडे रोमुआल्दच्या काकड्या चिंध्यांसारख्या पडलेल्या दिसत होत्या. मिरकानं एक खोल श्वास घेतला आणि वाफ्याकडे मान वळवली.

वाफ्यात एकही रोप दिसत नव्हतं. तिथं बादल्या होत्या, पालथ्या घातलेल्या. बादल्यांच्या पुढच्या ओळीत लोणच्याच्या बरण्या. त्यापुढं पातेली, टॉवेल टाकलेली चाळणी, भरपूर वर्तमानपत्राच्या टोप्या, टोप्यांवर खडे. झेनोनचे रबरी बूट होते, दोन रोपांवर दोन, तळ आभाळाकडे. पाद्री घरी आले तरच कपाटातून निघणारं सोनेरी काठाचं सूपाचं भांडं होतं. सगळ्यात टोकाला पलंगाखालचं मुताचं भांडं होतं, तेही पालथं, तेही नीट दाबून बसवलेलं.

मिरकाला हसू फुटलं. तोंडावर हात धरूनही ते थांबेना. मग तिला वाटलं, रोमुआल्द. म्हातारीनं खिडकीतून हाका मारून त्याला उठवलं असणार.

तो आपल्या काकड्यांशी उकिडवा बसला होता.

"मी?" त्यानं मान वर केली. "बाई, मला माझ्या स्वतःच्या वाचवता आल्या नाहीत. पहाटेपर्यंत मेल्यागत झोपलो होतो."

मिरका वाफ्याशी परत आली. आता तिला गवतातली वाट दिसली. मागच्या दारापासून वाफ्यापर्यंत गवत तुडवून काळं झालं होतं, एकदा नव्हे, तीस-चाळीस वेळा जाऊन-येऊन. पावलं लहान होती. वाटेत कुठं बसल्याची, पडल्याची, काठी टेकल्याची खूण नव्हती. तिनं वाकून एक बरणी उचलली. आतलं रोप कोरडं, हिरवंगार, ताठ उभं होतं. सूपाचं ते भांडं लिओकादियाच्याच खोलीतल्या कपाटात असायचं, वरच्या खणात.

मागच्या दाराआड, बाहेर पडताना तिला दिसल्या नव्हत्या अशा, दोन लोकरी सपाता पडलेल्या होत्या. ओल्या, चिखलानं माखलेल्या. त्या मिरकानंच आणल्या होत्या, सुवाऊकीच्या बाजारातून, म्हातारीला इस्पितळातून घरी आणलं त्या दिवशी. पाय जमिनीला लागतील तेव्हा घालायला म्हणून. तेव्हापासून त्या पलंगाखाली होत्या आणि दर शनिवारी मिरका त्यांच्या कडेनं झाडून घेई. तिनं एक सपात हातात घेतली, उलटी केली आणि अंगठ्यानं चिखल पुसला. टाचेपाशी तळ झिजून गुळगुळीत झाला होता. उजव्या पायाच्या सपातेला तर भोक पडलं होतं, बोट जाईल एवढं.

एका रात्रीत एवढं झिजत नाही.

ती पायरीवर बसली. सकाळी आठ ते बारा, तिच्या मनात आलं. रोज चार तास मी घरात नसते. दीड वर्षातल्या सगळ्या रात्री, एक, दोन, तीन म्हणून उचललेलं ते वजन, स्वतःची दुखरी कंबर, चमचा, भांडं, चादरी, नन्सच्या नावानं ऐकलेलं रडणं, सगळं एकदम वर आलं. तिला संताप आला. आत जाऊन त्या बाईला दोन्ही खांदे धरून गदागदा हलवावं असं वाटलं. ती उठली नाही. सपातेवरचा उरलेला चिखल तिनं नखानं खरवडून काढला.

मग ती सपाता घेऊन आत गेली.

लिओकादिया भिंतीकडे तोंड करून, दुलई मानेपर्यंत ओढून पडली होती. ती खोकत होती.

"उठलीस का?" ती न वळताच म्हणाली. "मला जरा बसव गं. पाठ अवघडलीय."

मिरका दारातच उभी राहिली. दुलईच्या काठावर म्हातारीची बोटं होती आणि नखांत काळी माती. उत्तर येत नाही म्हटल्यावर लिओकादियानं मान वळवली, मिरका कुठं बघतेय ते पाहिलं आणि बोटं सावकाश दुलईत ओढून घेतली.

मिरकानं सपाता पलंगाशी ठेवल्या. तळ वर करून, शेजारी शेजारी. मग ती स्वयंपाकघरात गेली, तिनं पाणी उकळलं, दोन पेल्यांत कॉफी केली आणि दोन्ही पेले टेबलावर ठेवले, एक या बाजूला, एक त्या बाजूला.

"कॉफी टेबलावर ठेवलीय, आई," ती म्हणाली.

"इकडं आण ना."

"टेबलावर ठेवलीय."

मिरकानं आपली कॉफी प्यायला सुरुवात केली. ती गरम होती आणि जीभ भाजली. मग आतल्या खोलीत पलंग करकरला. पावलं आली, हलकी, सरळ, भिंत न चाचपडता. लिओकादिया झोपायच्या झग्यात दारात उभी होती. झग्याच्या घेराला गुडघ्यापर्यंत चिखल होता. इतक्या दिवसांनी उभी पाहिल्यावर ती मिरकाला वाटत होती त्याहून ठेंगणी दिसली. ती येऊन समोरच्या खुर्चीवर बसली आणि तिनं दोन्ही हातांनी पेला धरला.

"मरू द्यायला हवी होती मी ती रोपं," ती म्हणाली.

"हो."

"पडले होते निमूट. दहा वाजले, अकरा वाजले. म्हटलं, जाऊ देत, लिओकादिया, रोपंच आहेत. पण खिडकीतून दिसत होती गं सगळी. चंद्र होता."

मिरकानं पेला खाली ठेवला.

"आधी खरंच होत नव्हतं उभं राहायला. शपथ. मग तू शाळेत गेलीस की पलंगाभोवती फिरायचे. मग स्वयंपाकघरापर्यंत. सांगणारच होते तुला, नाताळात सांगणार होते." तिनं पेल्यात पाहिलं. "तेवढ्यात तुझ्या तेरेसाचे फोन पुन्हा सुरू झाले."

"म्हणून मला दीड वर्ष उचलायला लावलंत."

"दीड नाही. वर्षभर," लिओकादिया म्हणाली. मग आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं असावं. कारण तिचा चेहरा एकदम पडला, आणि हनुवटी लहान मुलीसारखी थरथरली. "मला एकटीला भीती वाटते, मिरका."

मिरकानं तिच्याकडे पाहिलं. राग गेला नव्हता. तो चांगला घट्ट जागेवर होता, आणि तो बरेच दिवस राहणार हेही तिला कळत होतं. पण म्हातारी कुडकुडत होती, म्हणून तिनं अंगातला कोट काढला आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवला. उठून तिच्या खांद्यावर मात्र घातला नाही. लिओकादियानं तो स्वतः उचलला, एक बाही चुकली, परत काढून नीट घातला.

मिरकानं फोन घेतला. खोपटामागं न जाता तिथंच, टेबलाशी बसून तिनं नंबर लावला.

"तेरेसा? मी. हो." ती थोडं थांबली. "हो म्हणतेय मी. येते सोमवारी... नाही, न्यायला नको कुणी. बसथांबा आहे ना बर्चच्या झाडीपलीकडे, मोठ्या रस्त्याला. अर्धा किलोमीटर तर आहे, बॅगही जड नाही. सातच्या बसनं निघते."

समोर लिओकादिया कॉफी ढवळत होती. चमचा पेल्याला लागून वाजला तशी तिनं तो चटकन काढून बशीत ठेवला.

"सातची नाही आता," ती हळूच म्हणाली. "एप्रिलपासून सहा चाळीसला जाते. थांब्यावर कागद लावलाय."